ब्रेंटला पत्ता सांगू नकोस

ब्रिस्बेन, रविवार

माझ्या लाडक्या आईस, तुझ्या वासेवाचा गोड पापा.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. बायकांच्या निवाऱ्यात मला खोली मिळालीय. काल शेजारच्या टोंगन बाईने नारळाच्या दुधात अळूची पानं शिजवली. तुझ्या हातची चव नव्हती, तरी मी दोनदा वाढून घेतली.

हो आई, मी ब्रेंटचं घर सोडलं. तो म्हणायचा, "तुझा व्हिसा माझ्या हातात आहे. बाहेर पाऊल टाक, आठवड्यात फिजीला परत जाशील!" दोन वर्षं मी ते खरं मानलं. इथल्या निवाऱ्यातल्या वकीलबाई म्हणाल्या, "नवऱ्याच्या मारहाणीमुळे संसार मोडला तरी इथे कायम राहण्याचा तुझा अर्ज चालू राहू शकतो. पण पुरावा लागेल." निर्णय कधी येईल, ते त्यांनाही सांगता येत नाही.

तो तुला फोन करील, गोड बोलेल. त्याला पत्ता सांगू नकोस. बाबांचा खोकला कसा आहे?

आणखी एक. ईस्टरला फोनवर तू विचारलंस, "कोण गं ओरडतंय?" मी म्हटलं, टीव्ही. आई, तो टीव्ही नव्हता. तू जे ऐकलंस ते तसंच कागदावर लिहून पाठव. वकीलबाईंना तेच हवंय.

तुझीच,
वासेवा