शिवेवरची घागर

माघ वद्य चतुर्थी, शके १८९३. गुरुवार, ३ फेब्रुवारी १९७२. सायंकाळ.

ज्याच्या कृपेवाचून पाऊल उचलत नाही आणि उचललेले पाऊल थाऱ्याला लागत नाही, त्या मंगलमूर्तीस वंदन करून ही टिपणे लिहावयास घेतो. विषय साधा आहे. गोदास्नानासाठी पैठणला निघालेल्या दोन म्हाताऱ्या जीवांना वाटेत मुक्कामासाठी निर्धोक जागा कशी मिळाली, एवढाच.

सकाळी नगर सोडले. जीप गहिनीनाथाची, लष्कराच्या लिलावात घेतलेली, तंबूही तिथलाच. गहिनीनाथ माझा विद्यार्थी. शाळेत असताना दर गुरुवारी तो वाराने आमच्याकडे जेवत असे; पुढे बाकीचे वारही हळूहळू आमच्याच घरी आले. सहा वर्षे हिच्या हातचे जेवला. आम्हाला मूलबाळ नाही. जन्मदात्रीला तो 'आय' म्हणतो आणि आमच्या सौ. द्वारकेला 'आई'. या वयात यात्रा घडवून आणणारा असा शिष्य लाभणे हे मी माझ्या अध्यापनाचे फळ समजतो.

करंजीचा घाट उतरून तिसगावात जागा पाहिली. धर्मशाळा दुष्काळी कामावर निघालेल्या माणसांनी भरलेली. लॉजची खोली अशी, की हिने उंबरठ्यावरूनच पाय मागे घेतला. तेव्हा गहिनीनाथ म्हणाला, गुरुजी, आमच्या आडदरा गावाच्या शिवेवर उतरू. कुणी हटकणार नाही आणि कुणाला काही द्यावेही लागणार नाही.

जागा पाहून मन प्रसन्न झाले. तीन जुने लिंब, खाली दगडी पार, झाडलेले अंगण, आणि या रखरखाटात पायऱ्यांची, काठोकाठ भरलेली विहीर! गावातले कोणी या पाण्याला हात लावीत नाही, ते वाटसरांसाठी राखलेले आहे, असे गहिनीनाथाने सांगितले. अतिथिधर्म मी आयुष्यभर शिकवला, पाहिला आज.

विहिरीपलीकडच्या झोपडीत त्याची आई रतनबाई आजारी आहे. खाटेभोवती मडकी, कळश्या, तपेल्या. ही तिच्याजवळ बसली, कपाळावर ओली घडी ठेवली. म्हातारीने हिचा हात धरून म्हटले, "माज्या घरचं काई घेऊ नगा, बाई." ही हसली. म्हणाली, "अहो, तुमच्या लेकाची उष्टी काढली आहेत मी. मला कसली शिवाशिव सांगता?" मला हिचा अभिमान वाटला. मीही पुष्कळ वर्षे जे पाळले, ते सोडायला सत्तरी यावी लागली.

सूर्यास्ताच्या सुमारास गहिनीनाथाने पाय धरले. आयच्या हातून माझ्यासारख्या वेदज्ञाला जलकुंभाचे दान घडावे, एवढीच त्याची इच्छा होती. मी सहसा दान घेत नाही. घेणारा देणाऱ्याचा भार उचलतो, हे मीच त्याला शिकवले आहे. विद्यार्थिदशेत या प्रकरणावर तो किती प्रश्न विचारी! दिलेले परत जाते का, न समजता घेतलेले लागू होते का, पोटच्या मुलाला दिलेले दान ठरते का. मला त्या जिज्ञासेचे फार कौतुक होते. आज नाही म्हणवेना.

म्हातारीला संकल्प सांगता येईना, म्हणून शब्द मीच पुरवले. काय देता, असे विचारले. गहिनीनाथ म्हणाला, आयचं जे काही आहे ते सगळं. मी तसेच संकल्पात घातले. रतनबाई "नगं रं गहिन्या" म्हणत रडू लागली. तोंड रडत होते, डोळ्यांत मात्र थेंब नव्हता. वार्धक्यात अश्रूही आटतात, असे मनात आले. त्याने तिचा हात धरून तांब्याच्या घागरीतले पाणी माझ्या ओंजळीत सोडले. मी स्वीकाराचा शब्द उच्चारला.

आज संकष्टी, चंद्रोदयापर्यंत मी पाणी घेत नाही. ही पित्तामुळे उपास करीत नाही आणि दिवसभराची तहानलेली होती. मी घागरीतला पहिला तांब्या हिच्याकडे दिला. गहिनीनाथ एकदम पुढे झाला. पहिला घोट गुरुजींनीच घ्यायचा, म्हणाला. मी थट्टेने म्हटले, "अरे, चतुर्थी विसरलास? नापास!" तोवर ही प्यायली होती. इतके गोड पाणी जन्मात प्यायले नाही, असे म्हणाली.

गहिनीनाथ तोंड फिरवून उभा राहिला. दमला असावा.

शुक्रवार, ४ फेब्रुवारी. दुपार.

नवल घडले. रतनबाई सकाळी स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आली. दोन्ही डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि ती बोटांनी ते पाणी पुसून बोटांकडे पाहत होती. आमच्याकडे मात्र तिने मान वर केली नाही. गहिनीनाथ तिला नगरच्या डॉक्टरांना दाखवायला जीपमधून घेऊन गेला. सायंकाळपर्यंत येतो म्हणाला. निघताना त्याने माझ्या पायांवर डोके ठेवले. हिच्या पाया पडला नाही. लगबगीत राहिले असेल.

ऊन फार आहे. हिने सकाळपासून सात तांबे पाणी घेतले.

शनिवार, ५ फेब्रुवारी. सकाळ.

तो काल आला नाही. जीप नादुरुस्त झाली असावी.

हिची तहान वाढली आहे. घागर संपली, मग बादली. आता ही विहिरीच्या पायरीवरच बसून आहे. ओठांना भेगा पडल्या आहेत. उन्हाचा ताप समजून मी डोक्यावरून पाणी घातले. पहिल्या तांब्याला वाटले, माझी नजर चुकली. दुसरा, तिसरा, दहावा. अंगावर ओतलेल्या पाण्याचा एक थेंबही खाली पडला नाही. पायरी कोरडी. लुगडे कोरडे.

धुऊन टाकलेले माझे ओले उपरणे हिने हातात घेतले. ते पापडासारखे वाजले.

दुपार.

हिला घेऊन सडकेकडे निघालो. दीडशे पावलांवर ही खाली बसली. जीभ टाळूला चिकटली, शब्द फुटेना. पाठीवर घेऊन परत आणले. विहिरीपासून दूर नेता येणार नाही.

पाणी काठोकाठ होते. चार पायऱ्या उघड्या पडल्या आहेत.

रविवार, ६ फेब्रुवारी.

गावातली झुंबरबाई नावाची बाई भाकरी घेऊन आली. शिवेच्या दगडापलीकडेच थांबली, फडके दगडावर ठेवले आणि तिथूनच बोलली. मी गहिनीनाथाची वाट पाहतो आहे, असे सांगताच ती हसली. "गहिन्या कशाला येतोय आता, म्हाराज? त्याचं काम झालं की."

तिने जे सांगितले ते तसेच लिहितो. अकरा वर्षांपूर्वी एका गोसाव्याने या पारावर रतनबाईकडून भिक्षा घेतली आणि उलट तिच्या ओंजळीत पाणी घालून काही मंत्र म्हणवून घेतला. ती प्यायली, आणि तहान तिची झाली; दर नव्या अंगात ती वाढत जाते म्हणे. तेव्हापासून गावाने तिला शिवेवर ठेवले. विहीर तिच्यासाठी राखलेली, वाटसरांसाठी नव्हे. पुढे कोणाला द्यावी तर मंत्र सांगणारा गावात नाही. मुलगा मागत होता, म्हातारी देईना. "पोटच्या पोराला कोन देतं, सांगा? अन् दिलं तरी लागू व्हत न्हाई म्हनं. गहिन्यानं नगरला शिकून इचारून घेतलं हुतं समदं."

विचारून घेतले होते. मला. माझ्या ओसरीवर, द्वारकेने वाढलेले ताट पुढ्यात असताना.

त्याला ती तहान माझ्यावर घालायची होती, हिच्यावर नव्हे; पहिल्या तांब्याला म्हणून तर तो पुढे झाला होता. ही दया समजावी काय?

जाताना झुंबरबाई आपुलकीने म्हणाली, "जिवाला लावून घेऊ नगा. तुमाला मंत्र येतोय. वाट वाहती हाय, तुमी बी द्या की कुनाला!"

सोमवार, ७ फेब्रुवारी.

नऊ पायऱ्या.

रात्रंदिवस एकच विचार. शस्त्राने मारतो तो शत्रू. माझीच विद्या धार लावून माझ्याच घरावर चालवली, त्याला काय म्हणावे? त्या सहा वर्षांत एक तरी घास त्याने केवळ भुकेने खाल्ला असेल का?

दुपारी बैलगाडी आली. पाझर तलावाच्या कामावर निघालेला भीमा नावाचा तरुण, त्याची बायको, तिच्या अंगावर पिणारे मूल. त्याने विचारले, "म्हाराज, हितं मुक्कामाला भ्या न्हाई ना? पानी बी दिसतंय."

मी 'बसा' म्हणालो. होय, म्हणालो. तांब्या उचलला. संकल्पाचे पहिले शब्द जिभेवर आले होते. त्याने ओंजळ पुढे केली—

द्वारका पायऱ्यांवरून गुडघ्यांवर रांगत वर आली. म्हणाली, "बाळा, इथले पाणी घेऊ नकोस. पुढे जा."

भीमाचा चेहरा कठीण झाला. ओंजळ मागे घेऊन म्हणाला, "अजून इटाळ व्हतोय व्हय तुमास्नी? ऱ्हाऊ द्या तुमचं पानी तुमालाच." बैलांना हाळी देऊन निघून गेला. त्याचा गैरसमज दूर करायला मी तोंड उघडले नाही. कोणत्या तोंडाने उघडणार होतो?

ही माझ्याकडे पाहत राहिली. रागाने नव्हे. ओळख पटत नसल्यासारखी.

मंगळवार, ८ फेब्रुवारी. पहाट.

बारा पायऱ्या. तळ दिसतो.

हिची तहान मी मागितली. पण पतिपत्नीचे धन एक, पापपुण्य एक. त्यांच्यात देणे-घेणे होत नाही. हिने पाणी माझ्या ओंजळीत घातले, मी शब्द उच्चारले. काही झाले नाही. शास्त्र खरे आहे. ते खरे आहे हीच—

एक वाट आहे. मरणाच्या दारी असलेल्याला विधीवाचून संन्यास घेता येतो. संन्याशाला पत्नी नसते. संन्याशाला भिक्षा मागता येते.

दुपार.

शेंडी कापली. जानवे पाण्यात सोडले. त्यागाचा उच्चार तीन वेळा केला. हिने कान झाकून घेतले होते. कुंकवाचे काय, एवढेच विचारत होती. पंचेचाळीस वर्षे जिला नावाने हाक मारली, तिच्यापुढे मी परका म्हणून उभा राहिलो आणि म्हणालो, माई, भिक्षा.

माईंनी तांब्या उचलला, ठेवला, पुन्हा उचलला.

मग घातली. मी प्यायलो. फार गोड आहे.

माईंच्या डोळ्यांतून पाणी आले. लुगड्यावर पडले. ओले डाग पडले! मी मोजत—

बुधवार.

माई जात नाहीत. शिवेपलीकडे बसतात. तळाचे गढूळ पाणी गाळून आणतात. मी त्यांना हात लावायचा नाही, उपरण्यासारखे होईल. तुमचा घाम पुसू नका, ओला पाहू द्या, म्हणालो.

संध्याकाळी कोणीतरी पारावर उतरायला आले. ओरडून हाकलले. शिव्या दिल्या. माझ्या तोंडून शिव्या—

गुरुवार असावा.

पाणी नाही. चिखल.

मी कोणालाही देणार नाही. हे लिहून ठेवतो, म्हणजे उद्या—

दौतीत थोडी शाई आहे. तिच्याकडे पाहू नये.

—

अर्धी उरली. ओठ निळे झाले. आधी लिहून घेतो.

जे कोणी हे वाचतील त्यांना वाटेत सावली मिळो. त्यांच्या मुक्कामाला भय नसो. त्यांचे पाणी त्यांच्याच घशाखाली उतरो. त्यांचे अश्रू ओले राहोत. रतनबाई सुखी राहो. भीमाचे मूल मोठे होवो. आणि ज्याला त्यांनी आपल्या ताटातला घास दिला, त्याने त्यांना कधीही—