परातीची बंदूक

१० सप्टेंबर १९७८, वाटूर
निश्चय. दसऱ्याच्या आत आमच्या ठासणीच्या बंदुकीचं सगळं पितळी काम मी स्वतःच्या हातानं करणार. दस्त्याच्या बुडाचा पत्रा, चापाभोवतीची कमान, आणि दारू ठासायचा गज नळीखाली ज्यात राहतो त्या दोन नळकांड्या. जुनं पितळ झिजून पार गळालंय. गेल्या दसऱ्याला वेशीवर पालखी थांबली, मी बार काढला आणि गज सुटून कडूबा पाटलांच्या पायावर पडला. कडूबा सगळ्यांसमोर म्हणाले, पुढच्या साली बंदूक नीट न्हाई झाली तं बार अप्पारावाचा. अप्पाराव माझा धाकटा चुलतभाऊ. त्याच्याकडे काडतुसाची नवी बंदूक आहे. त्या दिवशी तो काही बोलला नाही. न बोलण्यातच सगळं आलं.
बाराचा मान आमच्या घरी चार पिढ्यांचा. वडिलांनी एकतीस वर्षं काढला. माझ्या हातून जाणं शक्य नाही.

१२ सप्टेंबर
परतूरला गेलो. कचरू तांबटाला बंदूक दाखवली. म्हणाला, ठिवून जा मास्तर, आठ दिसात बराबर करून देतो. मी म्हणालो, मी स्वतः करणार आहे, फक्त पत्रा दाखव. हसला. वर शिकवायला लागला की पत्रा आधी लाल तापवा, मंग पाण्यात टाका, मऊ पडतंय, मंग ठोका.
बावीस वर्षं सायन्स शिकवतोय मी. तापलेला धातू पाण्यात टाकला की कडक होतो हे नववीच्या पोरालाही ठाऊक आहे. लोहार विळ्याला पाणी देतो ते काय विळा मऊ करायला? कचरूच्या दुकानात अप्पारावाचा बंब डागायला आलेला दिसला. आता सगळं समजलं. त्याच्याकडून पत्रा घेतला नाही.

१३ सप्टेंबर
पुठ्ठ्याचं टेम्प्लेट तयार. परफेक्ट. पत्र्याचा प्रश्न बाकी.

१७ सप्टेंबर
पत्र्याचा प्रश्न सुटला. गिरिजाची माहेरची पितळी परात माळ्यावर नुसती पडून होती. पत्रा उत्तम जाड. मधून कापली.

१७ सप्टेंबर, संध्याकाळ
परात पडून नव्हती म्हणे. महालक्ष्म्यांना काढतात. गिरिजाला समजावलं की महालक्ष्म्या होऊन गेल्या, पुढच्या वर्षाला वेळ आहे. ती म्हणाली, माह्या मायनं दिल्ती ती. पिठलं फार तिखट होतं. मुद्दाम.

१९ सप्टेंबर
चापाची कमान ठोकायला घेतली. पत्रा वाकेना. जास्त ठोकला. आणखी कडक झाला. सासरच्या मालाचा गुण.

२१ सप्टेंबर
कमान वाकली. मग तडकली. बरोबर मधोमध.
पितृपक्ष आहे. या पंधरवड्यात नवं काम हाती घेऊ नये असं म्हणतात ते उगीच नाही. कारण टेक्निकल नसून धार्मिक आहे.

२५ सप्टेंबर
दुसरी कमान. तीही तडकली. ठोकताना शेजारच्या दुर्गाबाई भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, मास्तर, पापड लाटून राह्यले का काय? या बाईला एक दिवस मी उत्तर देणार आहे. उत्तर तयार आहे. वेळ बघतोय.
शाळेत एक दिवसाची कॅज्युअल टाकली. हेडमास्तरांनी कारण विचारलं. घरगुती, असं लिहिलं. ते हसले. कचरूचे हात कुठंकुठं पोचलेत बघा.

२६ सप्टेंबर
भयंकर प्रकार. शाळेतून आलो तर गिरिजानं तिसऱ्या कमानीचा पत्रा चुलीत घातलेला. लालभडक. मी ओरडलो तशी तिनं चिमट्यानं उचलून सरळ बादलीत टाकला. चर्र. म्हणाली, कचरूभाऊ बाजारात भेटले तं त्यांनी असंच सांगतलं.
म्हणजे तो माझ्या घरात शिरलाय.

२६ सप्टेंबर, रात्री
नवल. तो पत्रा चामड्यासारखा वळला. कमान एका बैठकीत झाली. सुरेख. चिरसुद्धा नाही.
विचार केला. आधी आठवडाभर मी जे ठोकलं त्याचा परिणाम धातूत साठत गेला असणार आणि आज दिसला. सायन्समध्ये असं होतं. गिरिजाच्या अडाणी उद्योगानंही पत्रा बिघडला नाही, इतकी माझी तयारी पक्की होती. तिला ताकीद दिली, यापुढं पत्र्याला हात लावायचा नाही. ती म्हणाली, न्हाई लावत, बिलकुल.

२९ सप्टेंबर
बुडाचा पत्रा तडकला. ठोकणं कमी पडलं.

१ ऑक्टोबर
बुडाचा दुसरा पत्रा. जास्त ठोकला. तीन ठिकाणी तडकला.
परातीचा कडेचा भाग फक्त उरलाय.

४ ऑक्टोबर
बुडाला पत्रा हवाच असं नाही. बूड खांद्याला लागतं, लोकांना दिसत नाही. तडकलेलेच तुकडे खिळ्यांनी बसवले. लाकडाला थोडी चीर गेली. लाकूड जुनं आहे.

७ ऑक्टोबर
नळकांड्या. लहान पत्रा गोल वळवायला गोल काहीतरी आत लागतं. कल्पना सुचली. प्रत्यक्ष गजावरच पत्रा गुंडाळायचा आणि ठोकायचा! माप चुकायचा प्रश्नच नाही. असली साधी गोष्ट तांबटांना पिढ्यानपिढ्या सुचली नाही.
गजासकट दोन्ही नळकांड्या बंदुकीला खिळवल्या. गेल्या साली सुटला होता ना? आता धरून हलवला तरी तसूभर हलत नाही. यंदा कडूबांनी पाय खुशाल पुढं करावा.

८ ऑक्टोबर
वाटूर फाट्यावर कचरू भेटला. बंदूक मीच दाखवली, कारण बघू दे त्याला. कमान बघून म्हणाला, झकास झाली, हिला वैनींनी तापवली न्हवं का. मग नळकांड्यांवर बोट फिरवलं आणि म्हणाला, मास्तर, गज येकदा काढून दाखवा.
दाखवणार होतो. पण पॉलिश ताजं होतं. शिवाय मी कोणाच्या परीक्षेला बसलेलो नाही.
तो म्हणाला, उद्या आणा, पाच मिंटाचं काम हाय, काही देऊ नका. फुकट! काय डाव आहे ते अजून कळलेलं नाही. पण कळेल.

१० ऑक्टोबर, खंडेनवमी
शस्त्रपूजा. बंदुकीला हळदकुंकू, झेंडू. पितळ झळकतंय. गिरिजानं नमस्कार केला, तो बंदुकीला की परातीला ते विचारलं नाही. वडिलांच्या फोटोसमोर उभा राहून सांगितलं, काळजी करू नका.

११ ऑक्टोबर, दसरा. दुपारी तीन
नवं धोतर, फेटा. दारूची पुडी, चिंधी, घोड्याखाली लावायची ठिणगीची टोपी, सगळं घेतलं. अप्पाराव त्याची बंदूक घेऊन दारावरून गेला. नमस्कार केला. मी आभाळाकडे बघत होतो.

१२ ऑक्टोबर
काल लिहिलं नाही.
पालखी वेशीवर थांबली. मी नळीत दारू घातली, वर चिंधी घातली. गज ओढला. निघेना. पुन्हा ओढला. कडूबा म्हणाले, होऊ द्या जल्दी, सूर्य चालला. दोघांनी बंदूक धरली, दोघांनी गज ओढला. गज नळकांड्यांसकट निघाला, लाकडाची लांब ढलपी घेऊन. नळी खाली लोंबली. दुर्गाबाईंनी पदर तोंडाला लावला.
मग अप्पाराव पुढं आला. त्यानं आपली भरलेली बंदूक माझ्यापुढं धरली. म्हणाला, दादा, मान तुमचाच हाय, बंदूक कोणाची का असंना. घ्या, तुम्हीच काढा बार. त्याच्या डोळ्यांत मी कुत्सितपणा शोधला. सापडला नाही.
मी म्हणालो, मला कोणाची भीक नको.
तो थोडा वेळ तशीच बंदूक धरून उभा राहिला. मग कडूबांनी त्याला खूण केली. बार मोठा झाला. पालखी माझ्या पुढून गेली.
वडिलांना काय सांगायचं? पत्र्यापायी गेला असता मान तर सांगता आलं असतं. तो माझ्या हातात दिला होता आणि मीच परत केला.
बार ज्याचा, त्याच्या दारात गाव आधी सोनं द्यायला जातं. दर साली रात्री आमचं अंगण भरायचं. काल गिरिजानं सारवलं होतं, सतरंजी घातली होती, पानाचं तबक ठेवलं होतं. कोणी आलं नाही. बऱ्याच वेळानं ती आपट्याची पानं हातात घेऊन म्हणाली, चला, आपल्यालाबी जायला पाह्यजे. गेलो. अप्पारावाच्या दारात रांग होती. उभा राहिलो. माझी पाळी आल्यावर मी पानं पुढं केली, तर तो आधी खाली वाकून माझ्या पाया पडला. दर साली पडतो तसाच. आशीर्वादाला हात उचलला, तो त्याच्या डोक्यावर तसाच राहिला. मागचे लोक म्हणत होते, मास्तर, सरका पुढं.