एक्केचाळीस टक्क्यांचा जावई

हॉल्विक, मिनेसोटा
मंगळवार, १२ मार्च

आदरणीय ऑरिनमामा,

तुम्हाला आणि मामींना मनापासून नमस्कार. गुडघ्यातला नवीन सांधा तुम्हाला मानवला असेल आणि तळ्यावरचा बर्फ पातळ झालेला असताना तुम्ही त्यावर मासे धरायला जात नसाल, अशी आशा करतो. (जात असाल तर हे पत्र मामींना वाचायला देऊ नका.) आई बरी आहे. मी बरा नाही, पण त्यात तब्येतीचा दोष नाही.

मी धान्यकोठारावर ट्रकांचं वजन करतो आणि टोरगर्सनांच्या कॅरीनशी माझं लग्न ठरण्याच्या बेतात आहे, हे तुम्हाला माहीत आहे. माहीत नसेल ते हे, की जानेवारीत मी फोनवरून एकशेवीस डॉलरचे शेअर घेतले, बर्फ उपसायची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीचे. बर्फ धो धो पडला, शेअर चढला, मी विकून मोकळा झालो. नफा एकोणपन्नास डॉलर वीस सेंट. (दोनदा तपासला. तिसऱ्यांदाही तेवढाच आला.)

आता घोटाळा कुठे झाला ते सांगतो. कुणाकडे किती डॉलर आहेत हे विचारणं म्हणजे त्याच्या आतल्या कपड्यांचं माप विचारणं, हे तुम्हीच मला लहानपणी शिकवलंत. टक्के मात्र चारचौघांत विचारता येतात. त्यामुळे रविवारी चर्चच्या तळघरातल्या जेवणात कॅरीनच्या वडिलांनी, म्हणजे ड्वेनकाकांनी, बटाट्याचं हॉटडिश वाढून घेता घेता विचारलं, "काय रे लेलंड, बाजारात काही जमतंय का?" तेव्हा मी सभ्यपणे म्हणालो, "एक्केचाळीस टक्के." त्यांचा डाव हवेतच राहिला. "एक्केचाळीस! माझ्या त्या शहरातल्या कोटवाल्याला वर्षभरात सहा जमले. आणि ऐट बघ त्याची!"

मी गप्प बसलो, हा माझा अपराध. (तोंडात बटाटा होता, पण तो नंतर गिळला गेला.) गाई विकून आलेले ऐंशी हजार डॉलर त्यांनी त्या कोटवाल्याकडे, म्हणजे शहरातल्या गुंतवणूक सल्लागाराकडे, ठेवले आहेत. त्याचे सहा टक्के म्हणजे चार हजार आठशे डॉलर, हे मी वजनाच्या पावतीमागे माझ्या एकोणपन्नास डॉलर वीस सेंटांखाली मांडून पाहिलं. काल ते कोठारावर आले नि म्हणाले, "शुक्रवारी सगळे पैसे काढतोय. यापुढे ते तू बघायचे. जावयाच्या हातात असलेले बरे." मामा, त्या 'जावई' शब्दासाठी मी दोन वसंत त्यांच्या शेतातले दगड वेचले आहेत, आणि तो आला तो म्हाताऱ्याची सगळी पुंजी गळ्यात बांधून!

कॅरीनला सांगितलं. ती म्हणाली, "मग आकडा सांगून टाक ना!" मी म्हटलं, डॉलरमध्ये? तुझ्या वडिलांना? तोंडावर? "मग मी सांगते. पण मी नुसत्या आकड्यावर थांबणार नाही, बघ."

म्हणून विनंती, की शुक्रवारच्या आत तुम्हीच त्यांच्या कानावर घालावं. तुम्ही दोघं तीस वर्षं एका संघातून बोलिंग खेळलात, तुमच्यात काहीही बोललेलं चालतं.

तुमच्याच शिकवणीमुळे अडकलेला तुमचा भाचा,
लेलंड

ता. क. पाकीट चिकटवणार तोच ड्वेनकाका मक्याचा ट्रक घेऊन काट्यावर आले. मी डोळे मिटले आणि खिडकीतून सांगून टाकलं, की ते एक्केचाळीस टक्के म्हणजे एकोणपन्नास डॉलर वीस सेंट. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं.
"वरचे वीस सेंट कशाला सांगितलेस?"
"होते म्हणून."
त्यांनी टोपी परत घातली. मग म्हणाले, "वीस सेंटांचाही हिशेब देणारा माणूस मला त्या शहरात अजून भेटला नाही. शुक्रवारी नऊ वाजता बँकेत ये. उशीर करू नकोस."

ता. क. २. तेव्हा वरची विनंती रद्द समजावी. नवी अशी, की गुरुवारपर्यंत त्यांना माझ्याबद्दल काहीतरी वाईट सांगा. पैसे स्वतःकडेच ठेवावेत असं त्यांना वाटेल इतकं वाईट. मुलगीही ठेवून घ्यावी असं वाटेल इतकं नको.