हाजराबीचा कंदील

मी, रुक्माबाई भ्रतार कै. किसनराव, वय अंदाजे एकसष्ट, राहणार कुरुंदा, तालुका वसमत, जिल्हा परभणी, हा कागद माझ्या स्वतःच्या हाताने लिहिते आहे. माझे चित्त ठिकाणावर आहे. असे वाक्य प्रत्येक मृत्युपत्रात असते म्हणतात, पण मला ते मुद्दाम लिहावे लागते. माझे दीर तातेराव यांनी गावभर सांगितले आहे की वहिनीला वेड लागले. पुरावा एकच देतात. मी रोज दिवेलागणीला शेजारच्या रिकाम्या घरासाठी कंदील लावते. लावते, हे खरे आहे. का लावते ते पुढे येईल.

माझ्यावर कोणाची बळजबरी नाही. शाळेचे संतराम गुरुजी साक्षीला आले तेव्हा त्यांनी विचारले, "रुक्माबाई, कोणी लिहायला लावून राहिलं का तुमाला?" मी म्हणाले, "लिहायला वडिलांनी लावलं, पुसेगावला, मी आठ वर्सांची असताना. त्यानंतर कोणी न्हाई." ते हसले आणि चटईवर बसले.

माझ्या छातीत धूर बसला आहे. वैद्यबुवा म्हणतात होळीपर्यंत काढाल. म्हणून आताच लिहिते.

कलम पहिले. नदीकडचे शेत सासरचे आहे. ते रीतीप्रमाणे तातेरावांकडे जाईल. त्यावर माझे काही म्हणणे नाही. बांधावरची बाभूळ मात्र तोडू नये. युद्धाच्या वर्षांत तिच्या वाळक्या फांद्यांनी मला तारले.

कलम दुसरे. मी राहते ते दोन खणांचे घर माझ्या पाटल्या मोडून घेतलेले आहे. पाटल्या वडिलांनी घातलेल्या. म्हणून हे स्त्रीधन असून त्यावर सासरच्या कोणाचाही हक्क नाही. पूर्वेस रस्ता, दक्षिणेस हळदीची खळी, उत्तरेस बोळ, आणि पश्चिमेस हाजराबी बेवा कादर पिंजारी हिचे घर. पश्चिमेची भिंत दोघींची सामाईक आहे. ती माझे मालक आणि कादरभाई यांनी मिळून घातली. दोघेही आता नाहीत. मला मूलबाळ झाले नाही, तिची एक मुलगी होती ती लहानपणी गेली.

कलम तिसरे. माझ्या फडताळात एक न उघडलेली काडीपेटी आहे. ती माझी जाऊ आशाबाई हिला द्यावी. कारण लिहिते. लढाई सुरू होऊन दोन-तीन वर्षे झाली तेव्हा काड्या मिळेनाशा झाल्या. पूर्वी विझली चूल तर गवरी घेऊन शेजारी जावे, विस्तव आणावा, यात कोणाला काही वाटत नसे. त्या सकाळी मी गवरी घेऊन आशाबाईच्या दारात उभी राहिले. ती म्हणाली, "आमची चूल कवाच विझली, बाई." तिच्या कौलांतून धूर निघत होता. मी वर बघितले, तिनेही बघितले. मी गवरी तशीच घेऊन परत आले. माझ्याजवळ राग ठेवायला फार वेळ होता, नाहीतर एवढी गोष्ट मी विसरले असते.

घरी येताना हाजराबी तिच्या दारात उभी होती. आमचे तोवर बोलणे कामापुरतेच. ती म्हणाली, "काहून रिकामी आली? इकडं ये." मी घुटमळले. ती म्हणाली, "विस्तवच तर हाय. घे." तिने चिमट्याने दोन निखारे माझ्या गवरीवर ठेवले. दुसऱ्या दिवशी मी काडी वाचवायला पुन्हा गेले. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "दोन चुली काहून पेटवायच्या, रुक्मा? जळतन दोघींचंच जातंय."

कलम चौथे. तेव्हापासून परसातली एक चूल दोघींची झाली. तवा तिचा वेगळा, माझा वेगळा, आग एक. माझ्या भाकरी आधी, मग तिच्या, आणि मागच्या वैलावर दोघींचे पाणी. हळद शिजवायच्या दिवसांत गावातले सगळे लाकूड कढयांखाली जाई आणि भाव असा चढे की मोळीवालीला हाक मारायची भीती वाटे. मग आम्ही डाळ सकाळपासून भिजत घालू, एक उकळी आली की मडके भुसा भरलेल्या टोपलीत गोधडीने गुंडाळून ठेवू. दुपारपर्यंत डाळ आपोआप मऊ होई. ही युक्ती हाजराबीची. आंघोळीचे पाणी उन्हात तापवायची युक्ती माझी. थंडीत ती चालत नसे, तेव्हा आम्ही आंघोळीच कमी केल्या.

टोपली आणि मडके रूपाबाईला द्यावे. ती लमाणांच्या तांड्यावरून डोक्यावर मोळी घेऊन येते. महागाईत मी तिच्याशी फार घासाघीस केली. एकदा तिची मोळी उचलून बघितली आणि म्हणाले, "यात निम्मी साल आहे." तिने वरून एक ढलपी टाकली. चार कोस चालून आलेल्या बाईला मी तसे बोलायला नको होते.

कलम पाचवे. आता भिंतीचे. घासलेट कंट्रोलचे झाले. प्रत्येक घराच्या कारडावर महिन्याला एक बाटली, पुढे अर्धी. हाजराबी संध्याकाळी गोधड्या शिवून पोट भरायची, तिला उजेड लागायचा. मी बायकांची पत्रे लिहून देई, मलाही लागायचा. अर्ध्या बाटलीत दोन कंदील चालत नव्हते. एक दिवस ती पहार घेऊनच आली. म्हणाली, "तुझा नवरा आन् माझा नवरा वरून बघून शिव्या देतील. देऊ दे." आम्ही दोघींनी सामाईक भिंतीत हातभर लांबरुंद भोक पाडले. त्यात तिचा कंदील ठेवला. कंदील तिचा, कारण माझ्या कंदिलाची काच फुटलेली. तेल दोन्ही कारडांचे.

एका दिव्यात दोन घरे दिसू लागली. पाच वर्षे तसे चालले. ती पलीकडे शिवायची, मी अलीकडे लिहायची. सुई ओवायला तिला दिसेनासे झाले तेव्हा ती सुई भोकातून इकडे देई, मी ओवून परत देई. पुष्कळदा बोलणे काहीच नसे. मालक गेल्यापासून बारा वर्षे मी त्या घरात एकटी होते, आणि घरात दुसऱ्या माणसाचा खोकला ऐकू येणे म्हणजे काय हे मी विसरून गेले होते.

कलम सहावे. यंदा भादव्यात फौजा आल्या आणि राज्य बदलले. त्याआधी वर्षभर गावातली आमच्यासारखी घरे भीत होती, त्यानंतर हाजराबीसारखी घरे भिऊ लागली. आमच्या गावात हाणामारी झाली नाही. पण लोक दारे लवकर लावू लागले.

त्या आठवड्यात दिवेलागणीला तातेराव विटा आणि कालवलेली माती घेऊन आले. म्हणाले, "वैनी, ते भोक बुजवून टाकतो. लोक बोलून राहिलेत."

मी म्हणाले, "कोण लोक?"

"लोक म्हंजे लोक. उद्या काही झालं तर मी न्हाई येणार मधी."

मी नको म्हणाले नाही. हे मी स्पष्ट लिहिते. नको म्हणण्याएवढा श्वास माझ्याजवळ होता. तातेराव म्हणाले, "अंधार पडला, जरा उजेड धरा." मी भोकातला कंदील उचलला आणि हातात धरून उभी राहिले. त्यांना विटा बसवायला मी उजेड दाखवला.

पलीकडे हाजराबी गोधडी मांडीवर घेऊन बसली होती. तीन थर चढले तोवर तिचे तोंड दिसत होते. ती उठली नाही. शेवटची वीट लागायच्या आधी ती म्हणाली, "कंदील तिकडंच राहू दे, रुक्मा. मला आता शिवायचं काई न्हाई."

चौथ्या दिवशी गावचे गाडीवान चाँद पाशा यांची गाडी तिच्या दारात आली. तिला नांदेडला बहिणीकडे जायचे होते, वसमतच्या ठेसणापर्यंत गाडी. मी कडी वाजलेली ऐकली, कुलूप लागलेले ऐकले. गाडी बराच वेळ हलली नाही. ती माझ्या दाराकडे बघत उभी होती, हे चाँद पाशांनी नंतर सांगितले. मी दार उघडले नाही. तातेरावांच्या भीतीने नव्हे. तिला तोंड कसे दाखवू, या लाजेने.

कलम सातवे. दिवाळी झाल्यावर मी ती भिंत पुन्हा फोडली. मला दोन दिवस लागले, कारण दर चार घावांनंतर दम लागे. पलीकडून ओलसर वास आला आणि उंदीर पळाल्याचा आवाज. मी कंदील होता तिथे ठेवला. घासलेट अजून महाग आहे, आणि माझ्या एकटीच्या कारडात महिना निघत नाही. मी जन्मभर काडी काडी वाचवली. आता संध्याकाळी तो लावते, पलीकडचे कुलूपबंद घर दिसते, चूल दिसते, खुंटीवरची तिची पिशवी दिसते. मग विझवते. यालाच तातेराव वेड म्हणतात. गुरुजी आणि तांड्यावरचे उत्तमसिंग यांनी स्वतः येऊन बघितले आहे. त्यांना विचारावे.

कलम आठवे. माझे घर हाजराबीला द्यावे. तिने यावे, राहावे, नाहीतर विकून पैसे घ्यावे, तिची खुशी. ती माझ्या आधी गेली तर घर रूपाबाईला द्यावे. तातेरावांनी हरकत घेतल्यास दुसरे कलम दाखवावे. कंदील मी कोणाला देत नाही. तो माझा नाही, तो तिचा तिला पोचवावा, काच पुसून.

कलम नववे. मला जाळताना नवी लाकडे विकत घेऊ नयेत. परसात रचलेल्या गवऱ्या आणि कापसाच्या पळाट्या पुरतील. मी फार वजनाची उरलेली नाही.

कलम दहावे. मी हाजराबीला तीन पत्रे लिहिली आणि तिन्ही चुलीत घातली. गेल्या गुरुवारी चाँद पाशा नांदेडहून आले. मी ओट्यावरच त्यांना गाठले.

"भेटली का?"

"भेटली. बरी हाय. बहिणीची नातवंडं सांभाळून राहिली."

"काही म्हणाली?"

"म्हणाली, रुक्माला सांगा, थंडीत ओली पळाटी जाळू नको. आधीच खोकते ती."

"आणि भिंतीचं?"

"भिंतीचं काई न्हाई बोलली."

मी परत विचारले. ते म्हणाले, "न्हाई, बाई. खरंच न्हाई."

म्हणून शेवटची सूचना गुरुजींना. हा कागद नांदेडला नेऊन हाजराबीला तिच्यासमोर मोठ्याने वाचून दाखवावा. तिला वाचता येत नाही. सहावे कलम आले की ती हात वर करील आणि म्हणेल, राहू द्या गुरुजी, पुढचं वाचा. मी तिला ओळखते. तरी थांबू नये. ते कलम सबंध वाचावे, आणि वाचून झाल्यावर थोडा वेळ तिच्याजवळ बसावे.

सही: रुक्माबाई भ्रतार किसनराव, दस्तुर खुद्द

साक्ष:
१. संतराम गुरुजी, शाळा कुरुंदा. लिहिणारीस मी पूर्ण शुद्धीवर पाहिले.
२. चाँद पाशा, गाडीवान, कुरुंदा.
३. उत्तमसिंग, राहणार तांडा. निशाणी डाव्या हाताचा अंगठा.

मुक्काम कुरुंदा, मंगळवार, तारीख १४ डिसेंबर १९४८, मार्गशीर्ष शके १८७०.