खिडकीतली आई

३ जानेवारी

बालशिक्षणाच्या प्रशिक्षणातला आज माझा प्रात्यक्षिकाचा पहिला दिवस. वर्षभर बाकावर बसून मुलांविषयी ऐकलं, आज मुलांनीच माझी परीक्षा घेतली. एकानं विचारलं, तू कुणाची आई? कुणाचीच नाही म्हटल्यावर त्याला माझी इतकी दया आली की त्यानं हातातलं अर्धं चावलेलं बिस्किट मला देऊन टाकलं. खावं लागलं!

आमचा शिशुवर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे. एकच लांब खोली. बेसिनं माझ्या गुडघ्याएवढी, आणि खुर्च्या इतक्या बुटक्या की बसलं की गुडघे हनुवटीला टेकतात. दाराची कडी मात्र उंचावर, मुलांचा हात पोचू नये म्हणून. ती काढायला मलाही टाचा उंचावून दोन्ही हात लावावे लागतात. खिडकीची कडीही तशीच. खिडकीबाहेर बघण्यासारखं काही नाही. खाली फरशीचं अंगण आणि समोर शेजारच्या इमारतीची कोरी भिंत.

वर्ग चालवणाऱ्या बाईंना सगळे मोठ्या ताई म्हणतात. त्यांनी आल्या आल्या एकच गोष्ट बजावली. रडणाऱ्या मुलाला ‘आई आलीच बघ’ असं सांगायचं नाही. आधी दूध, मग झोप, मग आई, असं जे खरं आहे तेच सांगायचं. मुलांना घड्याळ कळत नाही, पण फसवलेलं कळतं. मी जोरजोरात मान डोलावली. मला हे काम फार आवडणार आहे.

७ जानेवारी

नवी मुलगी आली आहे. अडीच वर्षांची, डोक्यावर एकच उभी शेंडी, म्हणून मी तिला गोंडा म्हणते. तिची आई पुन्हा नोकरीला लागली आहे. बिचारी निरोप घेऊन नीट निघाली, पण जिन्यात पोचल्यावर स्वतःच रडत बसली. वर गोंडानं जे भोकाड पसरलं ते दुपारपर्यंत. दूध ओकली, मला चावली, तिचं बघून आणखी चार जण रडायला लागले. ‘आधी दूध, मग झोप’ म्हणून म्हणून माझा घसा बसला. मदतनीस मावशी हसून म्हणाल्या की आठवडाभर असंच चालायचं. आठवडाभर! माझ्या नाकी नऊ आले आहेत, आणि पुढच्या महिन्यात परीक्षक येणार.

९ जानेवारी

आज मी ते केलं. मोठ्या ताई फोनवर होत्या, मावशी खाली गेल्या होत्या. गोंडा रडून निळी पडायला आली होती. मी तिला उचलून खिडकीपाशी नेलं आणि म्हटलं, ती बघ आई, टाटा करतेय.

ती गप्प झाली. भिंतीकडे बघत राहिली आणि मग हसून हात हलवला. नंतर दूध प्यायली आणि शहाण्यासारखी झोपली.

मोठ्या ताईंनी पाठीवर हात ठेवून विचारलं, कसं जमवलंस गं? मी म्हटलं, गाणी म्हटली. त्यांना इतका आनंद झाला की माझी मान वर होईना. पण पोरीचं रडणं थांबलं ना? कुणाचं काय बिघडलं?

१६ जानेवारी

आता रोजच. दुसरीही मुलं रडली की मी खिडकी दाखवते. सकाळी सगळी आपापल्या खुर्च्या ओढत नेतात आणि खिडकीसमोर ओळीनं बसतात. मोठ्या ताईंना वाटतं पक्षी बघतात. मी तसंच सांगितलं आहे. वर्ग इतका शांत कधीच नव्हता, असं मावशी म्हणाल्या, पण म्हणताना हसल्या नाहीत.

२० जानेवारी

संध्याकाळी गोंडाची आई आली. इतर वेळी पोर धावत जाऊन पायांना मिठी मारते. आज पाहुण्यांकडे बघतात तसं बघितलं आणि तिला मावशी म्हणाली. आईला आधी हसू आलं. मग गोंडा तिच्याकडे जाईचना. तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, ताई, मी नोकरी धरली म्हणून असं झालं का हो? तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्हीच सांगा.

मी म्हटलं, मुलं रुसतात कधी कधी. ती डोळे पुसत, ओढाताण करून पोरीला घेऊन गेली. चूक माझी आणि रडली ती. मला जेवण गेलं नाही.

२३ जानेवारी

दुपारी सगळ्यांना झोपवलं. कुणीच झोपलं नव्हतं. सगळी खिडकीकडे कुशीवर, डोळे उघडे, आणि प्रत्येकाचा एक पाय एकाच ठेक्यात हलत होता. अंगाईच्या ठेक्यात. खोलीत आवाज कसलाच नव्हता.

गोंडानं कानात सांगितलं की आईला बाहेर थंडी वाजते, तिला आत घे.

२४ जानेवारी

आज मुलांना खरं सांगितलं. खिडकीत कुणी नाही, मी खोटं बोलले होते. हात जोडून सांगितलं. कुणी रडलं नाही. गोंडानं माझा गाल कुरवाळला. म्हणाली, आई म्हणालीच होती की तू असं म्हणशील.

२ फेब्रुवारी

परीक्षक येऊन गेल्या. मुलं किती शांत, म्हणाल्या. मोठ्या ताईंनी सगळं श्रेय मला दिलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. प्रमाणपत्र मिळेल आता — ते घेऊन मी कुठल्या तोंडानं दुसऱ्या वर्गात जाणार?

आज आणखी दोन मुलं आपल्या आयांबरोबर जाईनात.

३ फेब्रुवारी

मोठ्या ताईंना सगळं सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी खिडकीची कडी नीट लागली आहे ना, ते बघितलं. मग स्वतः स्टुलावर चढून जाड पडदा लावला. म्हणाल्या, उद्या गोंडाच्या आईला तू स्वतः सांगायचंस. ती बाई स्वतःला दोष देत बसली आहे.

हो. सांगणार.

मुलं पडद्यासमोर बसली आहेत. पडदा आतल्या बाजूला फुगतो — खिडकी बंद असताना.

४ फेब्रुवारी

बाकी मुलं गेली. मोठ्या ताई खाली, मावशीही. वर मी आणि गोंडा. डाव्या हातानं तिचा फ्रॉक धरलाय, उजव्यानं लिहितेय — लिहिलं नाही तर किंचाळेन —

जिन्यात पावलं. दारावर टकटक. गोंडाची आई. पोरीला हाक मारतेय.

पडद्यामागूनही. तीच हाक. तोच आवाज.

दाराबाहेर आई, नक्की आईच, खिडकीबाहेर उभं राहायला जागाच नाही — पण कडी काढायची तर दोन्ही हात — फ्रॉक सोडावा लागेल. उचलायला गेले तर चावली, निसटून पडद्याकडे धावत होती, कशीबशी पकडली. मोठ्या ताईंना हाका मारल्या. कुणी येत नाही.

खिडकीची कडी सरकली. मी नाही सरकवली.

दाराकडे बोट दाखवून सांगितलं, ती खरी आई, बाळा, तिच्याकडे जा. गोंडा म्हणाली, तूच म्हणालीस आई खिडकीत आहे. मी म्हटलं, तेव्हा मी खोटं बोलले गं.

ती माझ्याकडे बघतेय. रडत नाहीये. विचारतेय — मग आत्ता?

आत्ता खरं, राणी, शप्पथ, आत्ता खरं — ऐकत नाही — फ्रॉक फाटतोय — बाहेर तिची आई दार बडवतेय, मला विचारतेय, ताई, माझी पोर आत ठीक आहे ना — काय सांगू, मी तिला काय सां