मागच्या पडवीतले चार दिवस

आई, आज पुन्हा सुया टोचून घेऊन आले. तू असतीस तर म्हणाली असतीस, "पैसे देऊन कोणी टोचून घेतं का गं?" पण माझीही पाळी गेली बघ. बसल्या जागी अंगातून वाफा निघतात, छाती धडधडते. हृदयाच्या डॉक्टरांनी तपासून घाबरण्यासारखं काही नाही म्हणून सांगितलं, तेव्हा नायगावात आमच्या इमारतीखालच्या अ‍ॅक्युपंक्चरवाल्या बाईंकडे जायला लागले. त्या मनगटाला, पोटरीला बारीक सुया लावतात, ठोके मोजायचं यंत्र बोटाला अडकवतात आणि दटावतात, "आता हलायचं नाही. घरचे घेतील आपलं आपण वाढून!"

तिथे पडल्या पडल्या निर्मळ गावातल्या आपल्या घराची मागची पडवी आठवते. तुला कावळा शिवलाय. तू गोणपाटावर आडवी, चूल नाही, फुलं खुडणं नाही. काकी करपलेली भाकरी लांबून सरकवते आणि तू मला म्हणतेस, "ये, गोष्ट सांगते, पण शिवू नकोस हां." विटाळ म्हणून तुला असं बाजूला बसवायचे, याची चीड मला आजही येते. पण तुझी पाठ दिवसाउजेडी जमिनीला टेकलेली मी फक्त त्या चार दिवसांतच पाहिली.

मग तुझी पाळी गेली. शेजारणी म्हणाल्या, "सुटलीस गं बाई!" सुटलीस कसली, डोंबल! देवपूजा, लोणची, फुलं, सगळं बारा महिने तुझ्याच गळ्यात आलं. भाकरी थापता थापता लालबुंद व्हायचीस, चुलीपुढून उठून वाडीतल्या बावखलाच्या तळ्यात पाय सोडून बसायचीस, छातीवर हात दाबून. आजी म्हणायची, "हिचं डोकं फिरलंय." आणि मी शाळकरी पोरगी खूश, की काकीच्या करपलेल्या भाकऱ्या टळल्या.

एकदा तू आपणहून पडवीत गोणपाट अंथरलंस. "मी बाहेरची आहे," म्हणालीस. आजी हसली, "अगो, तुझं तर कधीच गेलं ना?" तू गोणपाट गुंडाळलंस आणि भाकऱ्या थापायला बसलीस. मला वाटलं, आई विसरली असेल. इतकी वर्षं तसंच वाटत होतं गं. कुणी तुझा हात धरून "काय होतंय?" एवढंही विचारलं नाही.

हे पत्र कुठे टाकणार? राहू दे उशाशी. पण एक सांगते. माझी धडधड केव्हाच कमी झालीय. गुण सुयांचा की नुसतं पडून राहण्याचा, देव जाणे. तरी बाई विचारतात तेव्हा मी सांगते, "अजून होते हो." त्या यंत्रावरच्या आकड्याकडे बघतात, मग माझ्याकडे, आणि म्हणतात, "बरं, पडा मग."

तुझं खोटं आजीनं पकडलं गं आई. माझं चालवून घेतात.