तोंड हलतं म्हणे

२ सप्टेंबर
सुनेचं, प्रतिभाचं, म्हणणं की माझं तोंड सारखं हलतं. जबडा चघळल्यासारखा, मधूनच जीभ बाहेर. ह्यांच्या फोटोच्या काचेत निरखून पाहिलं. अजिबात हलत नाही. हे होते तेव्हा त्यांच्यापुढे माझं तोंड कधी गप्प राहिलं नाही, आता राहतं. प्रतिभाला चष्मा लागला असावा.

४ सप्टेंबर
शेजारची सरूबाई म्हणाली, काय चघळतीस गं इंद्रायणी, आमाला बी दे की चिमूटभर. काही नाही म्हटलं, तर म्हणे, लई चिकट झालीस. उद्यापासून तोंडात लवंग ठेवायची. हललंच तर कारण राहील. हलत नाहीच, पण तरी.

७ सप्टेंबर
लवंगेने जीभ पोळली. आता बडीशेप.

९ सप्टेंबर
शाळेचे गुरुजी आले. पंधरा ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन. आमच्या लोणी गावात पुस्तकं वाचणारी आजी एक मीच, म्हणून पोरांना गोष्ट वाचून दाखवायची. मी शाळेची पायरी चढले नाही, किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवर अक्षरं शिकले. संध्याकाळी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवायचे. अजून दाखवते. लगेच हो म्हटलं. गुरुजी गेल्यावर प्रतिभा माझ्या मुलाला, सुनीलला हळूच म्हणाली, पोरं हसतील ना हो आत्यांना. माझे कान चांगले आहेत.

१२ सप्टेंबर
केवळ सुनीलच्या समाधानासाठी पुण्याला मोठ्या डॉक्टरबाईंकडे. गोळ्यांची पिशवी दाखवली. हे गेले तेव्हा मला त्यांची हाक ऐकू यायची, झोप येईना, त्यावर मिळालेली गोळी. बाईंनी जुनी चिठ्ठी वाचली. ही तीन महिन्यांसाठी होती, म्हणाल्या, चार वर्षं कशी घेतलीत? मेडिकलवाला देतो, मी सांगितलं, आणि एकही दिवस चुकवली नाही. शाबासकी मिळेल वाटलं. त्यांनी सुनीलकडे बघितलं. सुनीलने पंख्याकडे.
तोंड हलतं ते त्या गोळीनेच म्हणे. म्हणजे ह्यांची हाक थांबली आणि माझं तोंड सुरू झालं. संसारातही असंच व्हायचं.
गोळी हळूहळू कमी करायची, एकदम नाही. सोबत चुंबकाच्या यंत्राने डोक्यावरूनच मेंदूला ठोके द्यायचे. कापाकापी नाही, भूल नाही. गुण येईलच अशी हमी देत नाही, म्हणाल्या. सगळ्यांना असंच सांगत असतील. मला येणार.

२३ सप्टेंबर
भोसरीला लेकीकडे, उज्ज्वलाकडे मुक्काम. आज पहिली खेप. खुर्चीत बसवलं, डोक्याला वेटोळं टेकवलं आणि टकटक टकटक. डोक्यावर सुतारपक्षी बसल्यासारखं. कपाळ फुरफुरलं. उठल्याउठल्या आरशात बघितलं. तोंड स्थिर! पहिल्याच दिवशी! डॉक्टरबाई म्हणाल्या, आजी, मुद्दाम बघितलं की ते जरा वेळ थांबतं, लक्ष दुसरीकडे गेलं की पुन्हा सुरू. वयाने लहान आहेत अजून त्या.

४ ऑक्टोबर
खेपा संपल्या. बाईंच्या मते थोडा फरक. थोडा! एसटीत शेजारच्या बाईला सगळी हकिगत सांगितली, पूर्ण बरी झाले म्हणून. तिने पाण्याची बाटली पुढे केली. म्हणाली, मावशी, आधी तोंडातलं गिळा, मग सांगा.

६ ऑक्टोबर
गोष्ट ठरली. तप करणाऱ्या ऋषींची. इतके स्थिर बसले की अंगावर वारूळ चढलं. ही गोष्ट मीच वाचावी. नात श्रेया मोबाईलवर शूटिंग करणार आहे. सगळ्यांना दाखवता येईल.

१५ ऑक्टोबर, दुपार
‘ऋषींच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही,’ इथवर आले आणि पुढच्या रांगेतला शौर्य उभा राहिला. आजी, मग ऋषी काय चघळतुय? सगळी शाळा हसली. गुरुजी ओरडले. प्रतिभाने पदर तोंडाला लावला.
मी म्हटलं, शेंगदाणे. तपाला ताकद लागते.
मग पोरं कान देऊन ऐकू लागली. वारूळ चढेपर्यंत अर्धी शाळा जबडे हलवत होती. टाळ्या लई वाजल्या. गुरुजी म्हणाले, ॲक्टिंग एक नंबर! पुढच्या वर्षी उंटाची गोष्ट घ्या.

१५ ऑक्टोबर, संध्याकाळ
श्रेयाचं शूटिंग पाहिलं. मोबाईल जुना आहे, म्हटलं. तिने सुनीलचा नवा आणला. त्यातही तसंच.
दिवा लावला, ह्यांना रोजच्यासारखं वाचायला बसले. वाचता वाचता सहज मान वर झाली, काचेत नजर गेली. हलत होतं. मी बघते म्हटल्यावर थांबलं.
चार वर्षं हे समोरून बघतायत. एका शब्दाने बोलले नाहीत. माझ्यापुढे बोलायची सवय त्यांना कधी नव्हतीच.
मग उरलेली गोष्ट वाचली. शेवट ऐकल्याशिवाय ते ताटावर बसत नसत.
प्रतिभाला म्हटलं, डॉक्टरबाईंना फोन लाव, अजून खेपा घेता येतील का विचारू. लगेच लावला पोरीने.
पण पुढच्या वर्षापर्यंत पूर्ण गुण आला, तर उंटाचं काय करायचं, हे गुरुजींना विचारून ठेवलं पाहिजे.